रकाना अकरा

पाणी यायचा दिवस होता, पाचवा,
म्हणून विडी घरकुलात सगळी दारं उघडी.
मी शाळाबाह्य मुलं मोजत होतो,
खांद्याला महापालिकेची पिशवी,
पेन दोरीनं बांधलेलं.

येमूलांच्या दारात एक मुलगी
पाइप धरून उभी, ओठांत आकडे.
"नववी घागर," म्हणाली. मला नाही, पाण्याला.
नाव अंबुजा. वय अकरा. शाळा?
आतून आईचा आवाज :
"घरीच शिकते."

हे वाक्य मला ठाऊक आहे.
गेल्या साली नीलम नगरात एका बाईनं
असंच सांगितलं होतं, याच सुरात.
मी विश्वास ठेवला, वर चहाही घेतला.
दिवाळीनंतर कळलं, पोरगी अफझलपूरकडं
कुठल्याशा गावात नांदायला गेलीय.
भाग्यरेखा नाव तिचं. माझ्या यादीत
तिच्यापुढं अजून बरोबरची खूण आहे.

म्हणून म्हटलं,
मुलीशी एकटीशी बोलायचंय.
पद्मजाबाईंनी पदर खोचला.
"का? कोंडून ठेवलीय का मी तिला?
होती की शाळेत चार वर्षं.
साठ पोरं, एक मास्तर,
ते पण तुमच्यासारखे
कुणाला तरी मोजायला गेलेले."

मी फॉर्म सारखा केला.
गेल्या महिन्यात सतरा दिवस
माझ्या वर्गाला शिपाई सांभाळत होता.

तरी विचारलं. विचारावंच लागतं.
बाई जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या.
मी म्हटलं, हात दाखव.
तिला वाटलं भविष्य बघतोय,
तिनं डावा पुढं केला.
मी नखं बघत होतो.
तंबाखूचा पिवळा साबणानं जात नाही,
पानं कापायची कात्री अंगठ्याला घट्टा पाडते.
नखांत निळी शाई होती. नुसती शाई.
शाई लावूनही ठेवता येते,
हेही मनात आलंच.
भाग्यरेखापासून मी असा झालोय.

वाच म्हटलं काहीतरी.
तिनं माझाच फॉर्म वाचला, समोरून, उलटा :
"रकाना अकरा. कारण.
वीटभट्टी एक, ऊसतोड दोन,
भावंडं सांभाळणे तीन…
सर, 'सर्वेक्षण'चा रफार राहिलाय."
राहिला होता. शिक्क्यासकट राहिला होता.

मग वही आली.
अप्पांच्या मागावर इंचाला किती धागे,
टॉवेल किती, उरलेलं सूत किती.
अप्पा मोजतात ओकटी, रेंडू, मूडू,
ती लिहिते एक, दोन, तीन,
आणि खालच्या नूरजहाँ खालाला
हिशेब सांगते तो तिसऱ्याच भाषेत.
एक गणित चुकलं होतं.
तिनंच खोडून शेजारी लिहिलं होतं : घाई.

मैत्रिणी?
तिथं ती थांबली.
पाइप दुसऱ्या घागरीत घातला.
"एक होती," म्हणाली.

हे लिहायला रकाना नाही.
सोळा कोड, त्यात तिचा एकही नाही.
शेवटी 'इतर', जागा दीड बोट.
मी दीड बोटात बसेल एवढं लिहिलं,
ते बसलं नाही, समासात गेलं.
ऑफिसात म्हणतील, समासातलं संगणक घेत नाही.

निघताना तिनं वही पुढं केली.
"सर, सही करता?
शाळेत करायचे, लाल पेननं."
लाल पेन खिशात होतंच.
पण सही कोण म्हणून करणार?
तिचा मास्तर मी नाही,
आणि जो म्हणून आलो होतो
त्याची सही वहीत चालत नाही.
मी तारीख टाकली. नुसती तारीख.
तिनं ती फुंकून वाळवली.

"परत कधी येणार?" बाईंनी विचारलं.
या म्हणत होत्या की येऊ नका, कळलं नाही.
म्हटलं, वरून हुकूम आला की.

पाइपात नुसती हवा वाजायला लागली होती.
"पाणी पण असंच येतं," अंबुजा म्हणाली
आणि नळ बंद न करता
तशीच धरून राहिली.